रिट्रॅक्शनला ‘मागे घेणे’ म्हणावं की ‘रद्द करणे’?

ताळगावची अनुवादक
आमच्या वाचनालयाच्या वार्षिकांकासाठी लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणाऱ्या त्या कुप्रसिद्ध शोधनिबंधावर लेख मराठीत करतेय. गाडी एका क्रियापदापाशी अडली आहे: छापून झालेला निबंध किंवा त्यातला भाग ग्राह्य नाही असं जाहीर करणं, म्हणजे रिट्रॅक्शन. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा हा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापला. २००४ मध्ये सहलेखकांपैकी दहा जणांनी त्यात लावलेल्या अर्थापासून अंग काढून घेतलं. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने अख्खा निबंधच बाद केला. इंग्रजीत दोन्हीला रिट्रॅक्शनच म्हणतात. मी पहिल्या ठिकाणी ‘मागे घेतला’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘रद्द केला’ असं लिहिलं होतं. अंक तपासणाऱ्या सरांनी दोन्हीकडे ‘मागे घेतला’ केलं. म्हणाले, संज्ञा एक तर शब्दही एकच हवा. मला हे पटत नाही. ज्याने दिलं तोच मागे घेतो ना? वेकफिल्डने तर काहीच मागे घेतलं नाही.

डिचोलीचा भाऊ
सरांचं बरोबर आहे. शब्द मागे घेतात, अर्ज मागे घेतात, उमेदवारी मागे घेतात. लॅटिन मुळातही मागे ओढण्याचाच अर्थ आहे. आणि वाचकाच्या हाती निबंध दिला कोणी? लेखकाने संपादकाकडे दिला, वाचकाला दिला नियतकालिकाने. मग नियतकालिकानेच तो मागे घेतला, यात चूक काय?

मडगावचा ग्रंथपाल
भाऊ, व्यवहार बघा. निबंध रिट्रॅक्ट झाला म्हणजे तो जागेवरून उचलत नाहीत. संपादकांनी १९९७ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेली प्रकाशन-नीतीची समिती, जिला सगळे ‘कोप’ म्हणतात, तिचा दंडकच तसा आहे. निबंध वाचता येईल असा राहतो, त्यावर ठसा बसतो, आणि सोबतच्या सूचनेत कोण रिट्रॅक्ट करतंय आणि का, ते स्पष्ट लिहावं लागतं. ‘मागे घेतला’ म्हटलं की वाचकाला वाटतं, निबंध आता मिळायचाच नाही. छापण्याआधी लेखक आपला लेख परत नेतो त्याला विड्रॉवल म्हणतात. ‘मागे घेणे’ त्यासाठी राखून ठेवा.

फोंड्याच्या बाई
माझे आजोबा देवस्थानच्या महाजनांच्या सभेचं इतिवृत्त मराठीत लिहायचे. वही अजून घरात आहे. एखादा ठराव फिरवला तर पान फाडायचं नाही. मजकुरावर एक आडवी रेघ, समासात तांबड्या शाईने ‘रद्द’, खाली तारीख आणि सही. रेघ अशी ओढायची की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. एका पानावर रेघ जाड ओढली गेली, म्हणून तो ठराव समासात पुन्हा उतरवून काढलेला आहे. ग्रंथपाल सांगताहेत ती रीत हीच. माझं मत ‘रद्द’ला.

पेडण्याचा भाषाप्रेमी
‘रद्द’ अरबी आहे. ज्या भाषेत ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुजले, तिला इथेच उसनवारी का करावी लागते? ‘निरस्त’ घ्या.

डिचोलीचा भाऊ
‘निरस्त’ हिंदी सरकारी कागदांतून येतो हो! रेल्वेच्या फलाटावर ऐकतो आपण तो. आणि अरबीत ‘रद्द’चा मूळ अर्थच परतवणे, मागे धाडणे असा आहे. म्हणजे फिरून माझ्याच बाजूला आलात.

पेडण्याचा भाषाप्रेमी
निरस्त संस्कृत आहे. हिंदीने वापरला म्हणून तो हिंदीच्या मालकीचा होत नाही. असं म्हणत म्हणत आपण एकेक शब्द सोडून देतो आणि मग मराठीत शास्त्र लिहिता येत नाही अशी तक्रार करतो.

वास्कोचा शिक्षक
मी वर्गात सरळ ‘रिट्रॅक्ट’ म्हणतो. कोंकणीत बोलणारी मुलं ‘फाटीं घेतलो’ म्हणतात आणि लगेच विचारतात, कोणी घेतला? तो प्रश्न चांगला आहे, मी तो दाबत नाही. माझी खरी अडचण वेगळीच आहे. ‘जर्नल’ म्हटलं की अकरावीच्या मुलाला प्रॅक्टिकलची वही आठवते, बाईंकडून सही करून घ्यायची ती. ‘जर्नलमधून लेख बाद झाला’ वाचून त्याला काय कळणार? ‘पत्रिका’ म्हणावं तर घरी लग्न ठरल्यासारखं वाटतं. तेव्हा ‘संशोधन-नियतकालिक’ असं पूर्ण लिहा.

ताळगावची अनुवादक
नियतकालिक ठीक आहे, तेच लिहिलंय. पण क्रियापदाचं काय?

फोंड्याच्या बाई
त्याच ओघात विचारते, छापण्याआधी त्याच विषयातले जाणकार निबंध तपासतात त्या पिअर रिव्ह्यूला ‘समवयस्कांचे परीक्षण’ छापलेलं पाहिलं. वयाचा काय संबंध? ‘तज्ज्ञपरीक्षण’ साधं आहे.

मडगावचा ग्रंथपाल
तज्ज्ञपरीक्षण उत्तम. पण ते खोटंही असतं, हे तुमच्या लेखात यायला हवं. २०१४ मध्ये ‘सेज’ या प्रकाशनसंस्थेने कंपनांवरच्या एका नियतकालिकातले साठ निबंध एकदम रिट्रॅक्ट केले. खोट्या नावांची खाती उघडून परीक्षण घडवून आणलं जात होतं. पुढे २०२३ मध्ये ‘हिंदावी’ या एकट्या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतले आठ हजारांहून अधिक निबंध गेले. ही मालिका मोठी आहे, आणि आपल्याकडे अजून ‘छापून आलंय ना’ हाच पुरावा मानतात. याचा मला मनापासून राग येतो.

डिचोलीचा भाऊ
प्लेजिअरिझमला ‘वाङ्मयचौर्य’ म्हणतो, तोही मला सौम्य वाटतो. लॅटिनमध्ये ‘प्लेजिअरियस’ म्हणजे माणसं पळवणारा. रोमन कवी मार्शलने तो कविता पळवणाऱ्याला लावला. आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने ‘हरण’ शब्द वापरून शब्दहरण आणि अर्थहरण असे भेद केले होते. ‘हरण’मध्ये पळवून नेल्याचा भाव आहे.

वास्कोचा शिक्षक
विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेल्या साम्याच्या टक्क्यांवर चालतात. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. यंत्र साम्य मोजतं, हरण माणसालाच ओळखावं लागतं. म्हणून ‘साम्य’ आणि ‘चौर्य’ हे दोन शब्द वेगळेच ठेवा.

सांगेची संशोधक
मी तासावर शिकवते. पैसे घेऊन खऱ्या परीक्षणाशिवाय निबंध छापणाऱ्या प्रेडेटरी जर्नलला सगळे ‘भक्षक नियतकालिक’ लिहितात. कोलोरॅडोचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी प्रेडेटरी हा शब्द रूढ केला, त्याचंच हे शब्दशः रूप. भक्षक म्हटलं की लेखक आपोआप भक्ष्य ठरतो. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना ‘चार दिवसांत छापू’ अशी मेल आली. त्यांनी पैसे भरले, निबंध बढतीच्या फायलीला लावला. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते भक्ष्य कसे? मी ‘पैसेघेऊ नियतकालिक’ लिहिते.

मडगावचा ग्रंथपाल
ताई, हा शब्द गोंधळ करेल. मुक्त प्रवेश देणारी, म्हणजे वाचकाला फुकट वाचू देणारी कितीतरी चांगली नियतकालिकंही लेखकाकडून शुल्क घेतात. परीक्षण केल्याचं खोटं सांगणं हा गुन्हा आहे. ‘बनावट’ म्हणा.

सांगेची संशोधक
बनावट म्हटलं की दोष फक्त छापणाऱ्याकडे जातो. निबंधावर मानाचं नाव चढतं, काम न केलेल्या वरिष्ठाचं, त्याला काय म्हणायचं? त्यासाठी शब्दच नाही, म्हणून तक्रारही लिहिता येत नाही. मी ती लिहायला बसले होते. ‘सहलेखक’ लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यात गैर काही दिसेना.

पेडण्याचा भाषाप्रेमी
‘नामधारी लेखक’. शब्द आहे, वापरत नाही आपण.

सांगेची संशोधक
नामधारी अध्यक्षाला पद रीतसर दिलेलं असतं. इथे आधी माझं नाव खाली सरकवतात आणि मग वर दुसरं घालतात. नामधारी पुरत नाही.

ताळगावची अनुवादक
अंक सोमवारी छपाईला जातोय. २०१० च्या वाक्यात ‘लॅन्सेटने निबंध रद्द ठरवला’ ठेवते. २००४ चं वाक्य अजून उघडंच आहे.

डिचोलीचा भाऊ
‘ठरवला’ कशाला? न्यायालय ठरवतं. आणि सांगेच्या ताई, ‘लादलेला लेखक’ कसा वाटतो?