एक्सेलमध्ये ७५ टाइप केलं की ०.७५ होतंय, फॉरमॅट बदलूनही तेच

रकाना४२

बी रकान्यात पूर्ण आकडे भरते आहे. ७५ टाइप करून एंटर दाबलं की ०.७५ होतं. ४५०० चे ४५ होतात, ८ चे ०.०८. आतापर्यंत हे करून पाहिलं:

– सेल फॉरमॅट जनरल केला, नंबर केला. फरक नाही. नव्या कोऱ्या फाइलमध्येही हाच प्रकार.
– फॉर्म्युला बारमध्येही ०.७५ दिसतं, म्हणजे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.
– दुसरीकडून कॉपी-पेस्ट केलेले आकडे बरोबर येतात.
– ७५.० असं टाइप केलं तर ७५ बरोबर येतं.
– तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून टाइप केलं तर काही अडचण नाही.

बेरीज जुळेना तेव्हा हे लक्षात आलं, तोवर तीनशेच्या आसपास ओळी भरून झाल्या होत्या. नेमकं कुठलं सेटिंग बदललंय? आणि भरलेले आकडे पुन्हा टाइप न करता दुरुस्त होतील का?

---

शून्यानंतर

तुमच्या शेवटच्या तीन मुद्द्यांतच उत्तर आहे. पेस्ट बरोबर, टिंब दिलं की बरोबर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बरोबर: या तिन्ही गोष्टी एकत्र जुळतात त्या एकाच सेटिंगला.

फाइल > ऑप्शन्स > अ‍ॅडव्हान्स्ड. अगदी वरच्या ‘एडिटिंग ऑप्शन्स’ गटात ‘ऑटोमॅटिकली इन्सर्ट अ डेसिमल पॉइंट’ अशी चौकट आहे. तिच्यावर टिक असेल आणि खाली ‘प्लेसेस’मध्ये २ असेल. टिक काढा, ओके करा. मॅकवर हीच चौकट प्रेफरन्सेसमधल्या ‘एडिट’ भागात मिळते.

हे सेटिंग हिशेबाच्या जुन्या यंत्रांसारखं चालतं. सगळ्या रकमा दोन दशांश स्थळांच्या असतील तर टिंब न दाबता १२५५० टाइप करायचं आणि १२५.५० मिळवायचं. नुसते अंक भरणाऱ्याला ते खरोखर सोयीचं आहे, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे, बिघाड नव्हे. प्लेसेसमध्ये ३ असेल तर २८३४ चे २.८३४ होतात. तिथे उणे आकडाही चालतो: −३ असेल तर ५ चे ५००० होतात. तेव्हा कुणाला उलटा त्रास होत असेल, म्हणजे आकडे आपोआप फुगत असतील, तर त्यांनीही इथेच पाहावं.

फॉरमॅट बदलून काही झालं नाही, कारण हा बदल एंटर दाबण्याच्या क्षणी होतो. फॉरमॅटचा संबंध येईपर्यंत सेलमध्ये ०.७५ बसलेलं असतं. सेटिंग फाइलमध्ये साठत नाही, त्या कॉम्प्युटरवरच्या एक्सेलला लागू होतं.

पुढे सांभाळायचं असेल तर तळाच्या स्टेटस बारवर राइट-क्लिक करून यादीत ‘फिक्स्ड डेसिमल’वर टिक ठेवा. सेटिंग चालू झालं की तिथे हे शब्द लगेच दिसतात.

---

सूत्रधार_बी२

वरचं निदान बरोबर आहे. दुरुस्तीचं मी सांगतो, कारण टिक काढल्याने आधीचे आकडे आपोआप बदलत नाहीत.

आधी फाइलची प्रत करून ठेवा. मग:

१. टिक काढल्यानंतरच एका रिकाम्या सेलमध्ये १०० टाइप करा. हा क्रम चुकला तर तिथे १ बसतो, सगळं एकाने गुणलं जातं आणि ‘उपाय चालला नाही’ असं वाटतं.
२. तो सेल कॉपी करा.
३. चुकलेले आकडे निवडा, कंट्रोल + ऑल्ट + व्ही दाबा, ‘व्हॅल्यूज’ आणि ‘मल्टिप्लाय’ निवडा, ओके.

निवडीत रिकामे सेल आले तर त्यांत ० बसतो, आणि फॉर्म्युल्याचे सेल आले तर तेही शंभराने गुणले जातात. म्हणून पूर्ण रकाना निवडून हे करू नका. आधी एफ५ > स्पेशल > कॉन्स्टंट्स, त्यात फक्त ‘नंबर्स’वर टिक ठेवून निवड करा, म्हणजे नेमके टाइप केलेले आकडेच हाती येतात.

मला स्वतःला मात्र शेजारचा रकाना वापरणं जास्त सुरक्षित वाटतं. सी२ मध्ये =राउंड(बी२*१००,०) लिहून खाली ओढा, तपासा, मग सी रकाना कॉपी करून बी वर फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा. राउंड अशासाठी, की ०.२९ सारखा अपूर्णांक कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही आणि गुणाकारात दूरवरच्या स्थळी बारीक शेपूट राहू शकतं. तुम्ही पूर्ण आकडेच भरत होता, त्यामुळे शून्य स्थळांपर्यंत राउंड केल्याने काही हरवणार नाही.

अवघड भाग पुढेच आहे. मधे काही आकडे तुम्ही टिंब देऊन टाइप केले असतील किंवा पेस्ट केले असतील तर ते आधीच बरोबर आहेत, आणि गुणाकाराने ते शंभरपट होतील. कुठला ४५ हा ४५०० मधून आला आणि कुठला मुळातच ४५ आहे, हे एक्सेलला सांगता येत नाही. ज्यांत अपूर्णांक दिसतो ते सगळे नक्की चुकलेले, कारण तुम्हाला पूर्ण आकडेच हवे होते. पूर्ण दिसणारे आकडे मात्र गाळणी लावून वेगळे काढा (=बी२=इंट(बी२) हा फॉर्म्युला पुरतो) आणि मूळ कागदाशी ताडून पाहा. तेवढं हातानेच करावं लागेल.

---

आकडेमोड

भर घालतो. याच जागी ‘सेट प्रिसिजन अ‍ॅज डिस्प्लेड’ चालू करा असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. कृपया करू नका. त्याने टाइप होणारे आकडे सुधारत नाहीत, उलट त्या वर्कबुकमधल्या आकड्यांची न दिसणारी दशांश स्थळं कायमची कापली जातात. नंतर टिक काढली तरी ती परत येत नाहीत.

शीर्षक वाचून दुसऱ्याच कारणाने इथे येणारेही असतील, त्यांच्यासाठी. आधी फॉर्म्युला बार पाहा.

७५ टाकल्यावर सेलमध्ये आणि बारमध्ये ७५% दिसत असेल तर सेलचा फॉरमॅट पर्सेंटेज आहे, दशांशाचं सेटिंग नव्हे. ७५००% होत असेल तर त्याच अ‍ॅडव्हान्स्ड पानावरची ‘एनेबल ऑटोमॅटिक पर्सेंट एंट्री’ बंद आहे. तुम्ही फॉरमॅट लावलाच नव्हता तरी असं होऊ शकतं: आधीच्या पाच ओळींपैकी किमान तीन ओळींत एखादा फॉरमॅट असेल तर एक्सेल तो नव्या ओळीला आपणहून लावतं.

४५ टाइप करून १४ फेब्रुवारी १९०० दिसत असेल तर फॉरमॅट तारखेचा आहे. एक्सेलची दिवसांची मोजणी १ जानेवारी १९०० ला १ धरून सुरू होते. आत आकडा शाबूत असतो, फॉरमॅट जनरल केला की ४५ परत दिसतो. याउलट ३-४ टाइप करून तारीख झाली असेल तर आतला आकडाच बदललेला असतो आणि जनरल केल्यावर चाळीस हजारांच्या पुढचा काहीतरी आकडा समोर येतो. तिथे फॉरमॅट आधी टेक्स्ट करून मगच टाइप करायचं, किंवा सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. हा त्रास इतका पसरला होता, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’ केल्याचं जाहीर केलं.

सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक ० होत असेल तर तो खरोखर गेलेला असतो. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता ठेवतं. असे क्रमांकही टेक्स्ट म्हणूनच भरावेत, त्यांची बेरीज करायची नसतेच.

---

रकाना४२

टिक होती, प्लेसेसमध्ये २ होतं. काढल्यावर ७५ चे ७५ आले. शेजारच्या रकान्याने दुरुस्ती केली, पूर्ण दिसणारे ३१ आकडे निघाले, ते कागदावरून ताडले. त्यातले ९ पेस्ट केलेले होते, ते तसेच ठेवले. बेरीज जुळली. पण एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं की टिक परत आलेली असते!

---

शून्यानंतर

मग एखादा मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) किंवा अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडलेली जादा सोय) ते लावतोय. ‘अ‍ॅप्लिकेशन.फिक्स्डडेसिमल = ट्रू’ ही एक ओळ त्याला पुरते. कंट्रोल की दाबून धरून एक्सेल उघडा आणि सेफ मोडला होकार द्या. त्यात टाइप केलेले आकडे बरोबर राहिले तर संशय पक्का. मग नेहमीप्रमाणे उघडून ऑल्ट + एफ११ दाबा, डावीकडच्या यादीत ‘पर्सनल’ वर्कबुक (एक्सेलसोबत आपोआप उघडणारी मॅक्रोंची फाइल) आहे का पाहा, आणि कंट्रोल + एफ ने ‘फिक्स्डडेसिमल’ हा शब्द ‘करंट प्रोजेक्ट’मध्ये शोधा. सापडलेल्या ओळीच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह दिलं की ती निष्क्रिय होते. सेव्ह करा, टिक एकदा हाताने काढा, एक्सेल बंद करून उघडा. तिथे काही सापडलं नाही तर फाइल > ऑप्शन्स > अ‍ॅड-इन्समधून एकेक अ‍ॅड-इन बंद करत जा.