रेझिस्टिव्ह स्विचिंगला मराठीत काय म्हणाल?

एका लेखाचं भाषांतर करतोय, संकरित पेरोव्स्काइट स्फटिकांमधल्या रेझिस्टिव्ह स्विचिंगवर. रेझिस्टन्सला पाठ्यपुस्तकात 'रोध' आहेच, म्हणून 'रोधबदल' लिहिलं पण काहीतरी खटकतंय, अजून काही सुचतंय का?

— खटकणारच. रोध तर तार नुसती तापली तरी बदलतो हो. इथे ठरावीक व्होल्टेज दिलं की रोध धाडकन उतरतो आणि व्होल्टेज काढून घेतलं तरी तसाच खाली राहतो, मग बऱ्याचदा उलट दिशेचं व्होल्टेज दिल्यावरच परत चढतो, म्हणजे मेमरी हाच त्यातला खरा मुद्दा. १९७१ साली अभियंते लिऑन चुआंनी मेमरिस्टर हा शब्द काढला तोही मेमरी आणि रेझिस्टर जोडूनच. 'रोधस्मृती' कसं वाटतं?

— स्मृती हा परिणाम झाला, क्रिया कुठेय त्यात? मी 'रोधपालट' म्हणेन. हवापालट, खांदेपालट आपण म्हणतोच, आणि कूस पालटलेला माणूस पुन्हा हलेपर्यंत त्याच कुशीवर राहतो की!

— कूस भारी! पालटच घेतो. आता व्हेकन्सीचं सांगा, म्हणजे स्फटिकाच्या जाळीत जिथे आयन असायला हवा पण नाही ती जागा. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या संकरित पेरोव्स्काइटमध्ये आयोडाइडच्या व्हेकन्सी सरकतात, त्यांची साखळी एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत जुळली की करंटला वाट मिळते आणि रोध पडतो, असं वाक्य आहे. 'पोकळी' लिहू?

— नको, पोकळी म्हटलं की निर्वात आठवतं. 'रिक्त जागा' म्हणावं तर नोकरभरतीची जाहिरात वाटते 😄 सरळ 'रिकामं घर' लिहा, आकड्यांच्या सोंगट्या सरकवायच्या कोड्यात असतं ना तसं, शेजारची सोंगटी त्यात सरकली की रिकामं घर उलट बाजूला गेलं, स्फटिकातही आयोडाइड एकीकडे आणि रिकामं घर दुसरीकडे. फक्त चांदीचा इलेक्ट्रोड असेल तर मूळ लेख नीट बघा, तिथे वाट कधीकधी चांदीच्याच धाग्याची असते, मग घरं-बिरं लिहून चालणार नाही.

— आणि संकरित? बियाणं आठवतं राव.

— आठवू दे. एकाच जाळीत सेंद्रिय आणि असेंद्रिय दोन्ही आहेत एवढंच सांगायचंय, 'संमिश्र' केलंत तर लोक मिश्रधातू समजतील. पेरोव्स्काइटला मात्र हात लावू नका, १८३९ मध्ये उरलमध्ये सापडलेल्या खनिजाला रशियातल्या लेव पेरोव्स्कींचं नाव दिलंय, आडनावाचं कसलं भाषांतर करताय!