डॉबझान्स्कींची फळमाशांची पेटी मुंबईच्या मे महिन्यात चालेल का?

चेंबूर_झूलॉजी

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला उत्क्रांतीचे अभ्यासक, जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉबझान्स्की हा विषय आहे. नुसतं चरित्र नको, त्यांचा पेटीचा प्रयोगही (दोन प्रकारच्या माशा एका बंद पेटीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवायच्या आणि प्रमाण कसं बदलतं ते मोजायचं) लहान प्रमाणावर करायचा आहे. त्यांची फळमाशी, ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा, मिळणार नाही, म्हणून तिची भावकी ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर घेतेय: लाल डोळ्यांच्या ५० माद्या आणि पांढऱ्या डोळ्यांचे ५० नर, एकाच पेटीत. वेळ एप्रिल ते जुलै, खोलीला एसी नाही. कुठे फसेल?

जुनी_बाटली

एसी नाही, तिथेच फसेल. मेलॅनोगास्टरचे नर ३० अंशांच्या वर वाढवले की वांझ निघतात. माद्या अंडी घालत राहतात, पण ती फुटत नाहीत. पेटी ओस पडते आणि अहवालात बिचाऱ्या निसर्गनिवडीवर खापर फुटतं. मेमध्ये आपल्याकडची बंद खोली त्या आकड्याच्या वरच असते. विभागातल्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये (तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात) २५ अंशांवर एक कप्पा मागून घ्या; तिथे अंड्यापासून माशीपर्यंत साधारण १० दिवस लागतात.

डॉबझान्स्कींच्या प्रयोगातही सगळा खेळ तापमानाचाच होता. १९२७मध्ये ते न्यूयॉर्कला माशीच्या जनुकशास्त्राचे प्रणेते मॉर्गन यांच्याकडे आले, त्याआधीचं त्यांचं बरंचसं काम लेडीबर्ड भुंगेऱ्यांवरचं. पाठीवरचे ठिपके प्रदेशागणिक कसे बदलतात, हा त्यांचा प्रश्न. तोच प्रश्न त्यांनी पुढे माशीच्या गुणसूत्रांना विचारला. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या इन्व्हर्जन्सचा (उलट्या फिरलेल्या तुकड्यांचा) जगण्या-मरण्याशी काही संबंध नाही, असं ते आधी धरून चालले होते. पण कॅलिफोर्नियात सान जसिंटो डोंगरावर, पिन्यॉन फ्लॅट्सला, महिनोन्महिने माशा पकडल्यावर त्यांतल्या ‘स्टँडर्ड’ नावाच्या रचनेचं प्रमाण मार्च ते जून घटतं आणि भर उन्हाळ्यात परत चढतं, हे दिसलं. मग पेटी आली. २५ अंशांवर स्टँडर्ड आणि चिरिकावा या दोन रचना एकत्र सोडल्या की स्टँडर्ड ७० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबे, १६.५ अंशांवर प्रमाण हलतच नसे. चरित्रात १९३७च्या ‘जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकावर सगळेच लिहितात. तुम्ही या मतबदलाला दोन पानं जास्त द्या.

एक्स_वाय

मांडणीच चुकली आहे, ती आधी सुधारा. पांढऱ्या डोळ्यांचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलगे एक्स आईकडून घेतात. तुमच्या पेटीत पहिल्या पिढीचे सगळे नर लाल, दुसऱ्या पिढीत निम्मे पांढरे, तिसऱ्यात २५ टक्के. असे हेलकावे खात आकडा एक-तृतीयांशाकडे जातो, आणि यात निवडीचा काडीचाही वाटा नाही! दोन्ही लिंगांत प्रमाण सारखं ठेवूनच सुरुवात करा: लाल माद्या ५०, पांढऱ्या माद्या ५०, नरही लाल ५० आणि पांढरे ५०. माद्या व्हर्जिन, म्हणजे नराशी मीलन न झालेल्या, हव्यात. २५ अंशांवर कोषातून निघाल्यापासून ८ तासांच्या आत वेगळ्या काढा.

मोजायचे फक्त नर. लाल मादीच्या पोटात पांढरं जनुक लपलेलं असू शकतं, नरात जे असतं ते डोळ्यांत दिसतं. पांढऱ्या डोळ्यांच्या नरांना नीट दिसत नाही आणि प्रणयात ते मागे पडतात, त्यामुळे पांढऱ्यांचं प्रमाण उतरायला हवं. पण पेटीच्या मलमलीला फट राहिली तर बाहेरच्या लाल डोळ्यांच्या माशा आत शिरतात आणि अगदी तोच परिणाम दाखवतात. त्या खोलीत केळी ठेवू नका.

अगर_अगर

खाद्याचं प्रमाण, १ लिटर पाण्याला: अगर ८ ग्रॅम, मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, यीस्ट १५ ग्रॅम. उकळी आल्यावर १० मिनिटं ढवळत राहायचं, नाहीतर मका तळाला धरतो. ६० अंशांच्या खाली उतरलं की प्रोपिऑनिक आम्ल ४ मिली आणि १० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं मिथाइल पॅराबेन १ ग्रॅम. गरम असताना ओतलं तर आम्ल उडून जातं आणि जूनच्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी. कप ओतून लगेच झाकू नका. वाफेचं पाणी वर साचतं, माशा त्यात चिकटून मरतात.

पेटीला १० कप पुरेत. दर दोन दिवसांनी सर्वांत जुना काढून नवा ठेवायचा, म्हणजे प्रत्येक कप २० दिवस राहतो. घाई केली तर उशिरा वाढणारे कोष कपाबरोबर फेकले जातात आणि निवड तुम्हीच करून बसता.

चेंबूर_झूलॉजी

मांडणी बदलते. नर किती मोजू? पेटी एकच पुरेल का?

एक्स_वाय

दर खेपेला २०० नर. प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल तर त्यात प्रमाणत्रुटी (नमुना घेताना योगायोगाने येणारा फरक) साडेतीन टक्के येते. ५० मोजलेत तर सात, मग खरा उतार दिसणारच नाही. पेट्या किमान चार, एकीचा आकडा योगायोगही असू शकतो. डॉबझान्स्की आणि त्यांच्या सहकारी पाव्हलोव्हस्की यांनी १९५७मध्ये हेच दाखवलं: ४,००० माशांपासून सुरू केलेल्या दहा वसाहती आणि २० माशांपासून सुरू केलेल्या दहा, सगळ्यांत एका गुणसूत्र-रचनेचं प्रमाण सुरुवातीला ५० टक्के. शेवटी मोठ्या गटात २० ते ३५ टक्के, छोट्या गटात १६ ते ४७.

नमुना पेटीतल्या माशा पकडून घेऊ नका. काढलेला कप मलमल बांधून इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि त्यातून निघणारे नर शेवटच्या कोषापर्यंत मोजा. मोजलेले परत पेटीत सोडायचे नाहीत.