'डूलॅली टॅप' : हा नळ नाही, टिचकीही नाही

प्रश्न : जुन्या ब्रिटिश फौजी बोलीत 'ही हॅज गॉट द डूलॅली टॅप' असं वाक्य भेटतं. इथे टॅपचा अर्थ डोक्यात बसलेली टिचकी असा घ्यायचा का?

उत्तर : नाही. हा टॅप म्हणजे आपला ताप, ज्वर. आणि डूलॅली म्हणजे नाशिकजवळची देवळाली. थोडक्यात, 'देवळालीचा ताप', म्हणजे डोकं फिरणं. गोऱ्या शिपायाच्या तोंडात ळ बसेना, त्याने मधल्या 'ळा'चा 'लॅ' केला आणि सगळा जोर तिथेच दिला: डू-लॅ-ली.

देवळालीला 1861 पासून फौजेचा संक्रमण तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. ही जहाजं मुंबईहून साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटायची. म्हणजे ज्याची मुदत हंगाम सरल्यावर भरली, त्याचा उन्हाळा-पावसाळा तिथेच गेला. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने 'ओल्ड सोल्जर साहिब' (1936) मध्ये हे नेमकं टिपलंय: हाती शस्त्र नाही, अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित एखादी लांब पायी चाल, बाकी वेळ जाता जात नसे. त्यामुळे चांगल्या नोंदीचे शिपाईसुद्धा बिघडत, कुणी इस्पितळात तर कुणी तुरुंगात जाई. म्हणून हा शब्द वेड्यांच्या इस्पितळावरून आला असं सांगून मोकळं होऊ नये. त्याच्या मुळाशी रिकामी, न संपणारी प्रतीक्षा आहे, आणि माझ्या मते शब्दाचा जीव त्यातच आहे.

पुरवणी : 'ताप'चा 'टॅप' फक्त इंग्रजी उच्चारामुळे झाला असं मानायची गरज नाही. हिंदुस्तानीत ज्वराला फारसी वळणाचा 'तप' हा शब्दही होता. क्षयाला हिंदीत 'तपेदिक' म्हणतात, त्यातला तप तोच. संस्कृत 'ताप' आणि फारसी 'तप' मुळात एकाच धातूचे.

भाषांतर करणाऱ्यांसाठी : पुढे 'टॅप' गळाला, 'गॉन डूलॅली' उरलं. आज ते माणसालाच काय, बिघडलेल्या यंत्रालाही लावतात. 'मनोरुग्ण' लिहिलंत तर फार जड होईल. 'डोकं फिरलंय', 'सटकलाय' हे जवळचे. जुन्या शिपायाच्या तोंडी मात्र 'देवळालीचा ताप चढलाय' असंच ठेवावं. मराठी वाचकाला 'डोक्याला ताप' ओळखीचा आहे, अर्थ आपोआप पोचतो.