डोळे मिटून बसलं की विचार अजूनच वाढतात, काय करू?

यावलची लेक
पावसाळ्यात केळीच्या मृगबागेवर सीएमव्ही हा व्हायरसचा रोग आला, रोपं उपटून टाकावी लागली, आणि दिवाळीनंतर आई गेली. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. मैत्रिणीने माइंडफुलनेस, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, करून बघ म्हटलं म्हणून मोबाईलवर ऑडिओ लावून बसते, पण दोन श्वास होत नाहीत तोच बँकेचा हप्ता, आईचे शेवटचे दिवस, सगळं समोर येतं. मला जमणारच नाही का हे? सरळ इगतपुरीला विपश्यना केंद्रात जाऊ का?

तापीकाठ
ताई, विचार येणारच. मन भरकटलं हे लक्षात येणं आणि त्याला परत श्वासावर आणणं, सराव म्हणतात तो हाच. पन्नास वेळा गेलं तर पन्नास वेळा आणायचं, चिडायचं नाही. माझे वडील गेले तेव्हा मला बसणंच नको वाटायचं, मग कळण्याची भाकरी थापताना सुरू केलं. ओल्या पिठाचा गारवा, हात फिरवला की भाकरीची कड कशी पातळ होत जाते, तव्याची धग, बस तेवढंच बघायचं. दुःख कमी झालं नाही हो, पण त्याच्यासोबत बसता यायला लागलं.

भुसावळकर
इगतपुरीला मी जाऊन आलोय. दहा दिवसांचा कोर्स, फी नाही, मोबाईल जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं. चांगलंच आहे, पण आई जाऊन थोडेच दिवस झालेत आणि झोप नाही, तर लगेच जाऊ नका, तिथे दहा दिवस आपणच आपल्यासोबत असतो. फॉर्ममध्ये तब्येतीचं विचारतात तिथे सगळं खरं लिहा. आणि कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट वेदनेच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा जो कोर्स काढला तोसुद्धा आठ आठवड्यांचा आहे, एवढ्यात हिंमत हारू नका.

धुळ्याची सिस्टर
झोपेचं हलक्यात घेऊ नका ताई. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री अडीचलाही लावा. जगणं नकोसं वाटलं तर ध्यानबिन बाजूला ठेवा, आधी फोन, मग सिव्हिलला मानसोपचार ओपीडी.

यावलची लेक
नंबर सेव्ह केला. डोळे उघडे ठेवून केलं तर चालतं का?

तापीकाठ
चालतं की. नजर खाली जमिनीवर ठेवा, पाच मिनिटंच बसा. श्वासाने छाती भरून आली तर पाय जमिनीला कुठे टेकलेत तिकडे लक्ष न्या.