शेजाऱ्यांवरची कादंबरी सुचवा (चाळीच्या आठवणी नकोत)

सज्जा
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (वाकड, ११ मजले, मजल्यावर चार दारं) पाच जणांनी मिळून वाचनकट्टा सुरू केलाय. पुढच्या महिन्याचं पुस्तक मी ठरवायचंय. विषय मीच हौसेने सांगून बसले आणि आता अडकलेय. एकाच इमारतीत राहणारी, एकमेकांना धड न ओळखणारी माणसं, त्यांचं एकटेपण, आणि तरी कुठेतरी लागणारा एकमेकांचा धक्का, असं काहीतरी हवंय.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. समोरच्या काकू एकट्या राहतात. दूधवाला पहाटे त्यांच्या कडीला पिशवी अडकवून जातो. मी निघते तेव्हा ती आत गेलेली असते आणि कडीला नुसतं रबर लोंबत असतं. मार्चमध्ये एक दिवस जाणवलं, की रबरही नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "त्या लेकीकडे गेल्या ना मॅडम, दीड महिना झाला." दीड महिना! दोन दारांत सहा फूटही अंतर नाही आणि माझ्याकडे त्यांचा नंबर नाही.

तर अटी: कादंबरीच हवी. मराठी किंवा इंग्रजी. 'पूर्वी चाळीत किती माया होती' छाप नको. शेवटी सगळे मिळून गणपती बसवतात आणि गोड होतं, तेही नको.

पमाकाका
'बटाट्याची चाळ'. आणखी काय?

सज्जा
काका, अटी वाचल्यात का? :) आणि ती कादंबरी नाही.

पमाकाका
वाचल्या. तरी सांगतो. १९५८ चं पुस्तक आहे, लोक ते पाठ म्हणून दाखवतात आणि हसतात. पण शेवटचं 'चिंतन' कुणी पाठ म्हणत नाही. तिथे पु. लं. नी हसू काढून घेतलंय. तेवढंच वाचा आणि मग मायेचं काय ते बोलू. कादंबरी नाही, मान्य. माघार घेतो.

चौथा_मजला
पमाकाकांना अर्धा पाठिंबा. माझा मामा वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत वाढला, आता टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरात गेलाय. मामी म्हणते, संडास घरात आला हे इतकं मोठं सुख आहे, की बाकी कशाची आठवण काढायची लाज वाटते. त्याच बीडीडीवर मनू जोसेफची 'सीरियस मेन' आहे (२०१०). नायक अय्यन मणीला चाळीबद्दल तसूभर जिव्हाळा नाही. पण ती शेजाऱ्यांची कादंबरी नव्हे, महत्त्वाकांक्षेची आणि जातीची आहे. तुमच्या कट्ट्याला नको.

किरण नगरकरांची 'रावण अँड एडी' (१९९५) मात्र बघाच. माझगावची सरकारी चाळ, चौथ्या मजल्यावर हिंदू रावण, पाचव्यावर ख्रिश्चन एडी. तान्हा रावण वरून पडतो, त्याला झेलताना एडीचा बाप जातो. मग दोन घरं एका जिन्याने जोडलेली आणि एका मृत्यूने तोडलेली. दोन्ही नायक जवळजवळ अख्खं पुस्तक एकमेकांशी बोलतच नाहीत. विनोद मात्र दणदणीत आहे आणि थोडा चावट, कट्ट्यातल्या मंडळींचा अंदाज घ्या.

अवनी_कु
मेघना पेठे! 'हंस अकेला'. महानगरातल्या एकट्या माणसांचं इतकं निर्दय लिखाण मराठीत फार नाही. कथा आहेत पण.

सज्जा
वाचलंय, आवडतं. पण कथा म्हटल्या, की एकेक जण आपापल्या आवडीची कथा धरून बसतो, मागच्या महिन्यात तेच झालं. कादंबरीच सांगा. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' पण झाली वाचून. ते एका घरातलं एकटेपण, मला जिन्यातलं हवंय.

अवनी_कु
मग मराठीत पंचाईत आहे. वाडा झाला, चाळ झाली, झोपडपट्टी झाली. ब्लॉक संस्कृती आपण कथा-नाटकांवर भागवली, कादंबरीने तिच्याकडे पाठच फिरवली असं मला वाटतं. कुणी खोडून काढलं तर आनंदच.

टाचण
जिन्यातलं म्हणालात म्हणून लिहितो. मनिल सुरी, 'द डेथ ऑफ विष्णू', २००१. ही अक्षरशः जिन्यातली कादंबरी आहे.

मुंबईतली जुनी इमारत. विष्णू नावाचा हरकाम्या जिन्याच्या वळणावर राहतो आणि तिथेच मरायला टेकलाय. पहिल्या मजल्यावर पाठक आणि आसरानी, दोघांत स्वयंपाकघर एक, त्यामुळे रोज ठिणगी. आता मेख बघा: अॅम्ब्युलन्स बोलवायची तर पैसे कुणी द्यायचे यावर दोन्ही घरांची जुंपते आणि माणूस तिथेच पडून. कुणीही दुष्ट नाही. एक जण चहा आणून ठेवते. पण चहा ठेवणं आणि जबाबदारी घेणं यात जे अंतर असतं ना, सज्जा, तुमच्या सहा फुटांइतकंच, त्यावर अख्खं पुस्तक उभं आहे.

सगळ्यात वर विनोद तनेजा, बायको गेल्यावर दार लावून बसलेला. त्याचं प्रकरण येईपर्यंत पुस्तक खवचट आहे. तिथे एकदम शांत होतं. मी ते दोनदा वाचलं.

लेखक अमेरिकेत गणिताचा प्राध्यापक आहे. तो लहानपणी राहायचा त्या इमारतीच्या जिन्यात खरोखरच विष्णू नावाचा माणूस राहायचा. खोट काढायची तर विष्णूच्या पौराणिक स्वप्नांची पानं मला लांबल्यासारखी वाटली. बिनधास्त चाळा.

कोपरा_ऑफिस
अरविंद अडिगा, 'लास्ट मॅन इन टॉवर' (२०११). वाकोल्याची विश्राम सोसायटी, बिल्डरची घसघशीत ऑफर, सगळे तयार आणि एकटे मास्तरजी नाही म्हणतात. विधुर, निवृत्त शिक्षक. पिंटो बाईंना जवळजवळ दिसत नाही, त्या इमारत पायऱ्या मोजून ओळखतात. नव्या इमारतीत पायऱ्या कोण मोजून देणार? मास्तरजींचा नकार आधी या जोडप्यासाठी असतो. मग पिंटोच गळतात आणि मास्तरजी उरतात. शेजारधर्म कसा एकेक दार बंद करत जातो, ते यात आहे. शेवट सांगत नाही.

(कादंबरीत सगळ्यांची संमती लागते म्हणून एक माणूस अडवू शकतो. २०१९ च्या शासन निर्णयानंतर आपल्याकडे पुनर्विकासाला ५१ टक्के पुरतात. आता मास्तरजींना कुणी विचारलंही नसतं.)

इशारा: आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू असताना मी हे पुस्तक चेअरमनना वाचायला दिलं. अजून परत आलेलं नाही. बोलणंही बंद आहे.

टाचण
हाहा. पण अडिगात पिंटो वगळता माणसं थोडी प्यादी वाटत नाहीत? कथानक त्यांना ढकलतं.

कोपरा_ऑफिस
वाटतात. पण सर्वसाधारण सभेत माणसं प्यादीच असतात, अनुभव आहे.

चौथा_मजला
प्यादी निघालीच आहेत तर जॉर्ज पेरेकचं 'लाइफ अ यूजर्स मॅन्युअल' (फ्रेंचमध्ये १९७८). पॅरिसमधली एक इमारत, ९९ प्रकरणं, आणि लेखक बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने खोल्यांमधून फिरतो. सगळं एकाच संध्याकाळचं, रात्री आठच्या सुमाराचं. खोलीतल्या वस्तूंची यादी वाचता वाचता त्या माणसाचं एकटेपण कळतं. पण एका महिन्यात पाच जणांचं होणार नाही. मला आठ महिने लागले.

अवनी_कु
पॅरिसच हवं तर म्युरिएल बार्बेरी, 'द एलिगन्स ऑफ द हेजहॉग' (२००६). इमारतीची राखणदार रने पुढच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून ठेवते आणि मागच्या खोलीत गुपचूप पुस्तकं वाचते, कारण राखणदारीण वाचते हे श्रीमंत रहिवाशांना पटणार नाही. मांजराचं नाव लिओ, टॉलस्टॉयवरून. वर राहणारी बारा वर्षांची पालोमा आणि नवा जपानी शेजारी तिला ओळखतात. अटीच्या जरा जवळ जाणारं गोड आहे, पण शेवट गोड नाही. तत्त्वज्ञानाची पानं उडी मारून वाचली तरी चालतात, मी मारली.

सज्जा
सगळ्यांचे आभार! 'विष्णू' ठरलं. हेजहॉग मी स्वतःसाठी मागवतेय. अडिगा आमच्या इमारतीला अजून २५ वर्षांनी.

जाता जाता: काकू परवा आल्या. कडीला परत पिशवी. नंबर अजून घेतलेला नाही. दार वाजवून 'नंबर द्या' म्हणायचं तर काही कारण नको का?

पमाकाका
वाटी घेऊन जा आणि विरजण माग.