जाहिरातींतल्या बायका, पुरुष आणि रंग मोजायचे तर तक्ता कसा आखावा? (ठाणे)

नौपाडाकर

८ मार्चच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात छोटं प्रदर्शन लावायचंय. ठाण्यात रोज नजरेस पडणाऱ्या जाहिरातींत बायका कुठे असतात, काय करताना दिसतात, कुठल्या रंगाच्या असतात, असा विषय. सहा जणी आहोत, हाताशी तीन शनिवार-रविवार. स्टेशनबाहेरचा सॅटिस पूल, गोखले रोड, राम मारुती रोड, घोडबंदर रोड इथली होर्डिंग आणि मराठी वाहिन्यांवर संध्याकाळी ७ ते १० मध्ये लागणाऱ्या जाहिराती घ्यायचं ठरतंय. अडचण अशी की नुसती डोकी मोजली तर बायकाच जास्त निघतात. मग मांडायचं काय? शिवाय एकीला जी गोरी वाटते ती दुसरीला गव्हाळ वाटते. जाणकारांनी सांगावं.

रकानेवाली

डोकी मोजल्यावर बायका जास्त निघणारच. गीना डेव्हिस इन्स्टिट्यूट (माध्यमांतलं बायकांचं चित्रण अभ्यासणारी अमेरिकी संस्था) आणि युनिसेफ यांनी भारतात २०१९ साली दाखवलेल्या हजाराहून जास्त टीव्ही आणि यूट्यूब जाहिराती तपासल्या. २०२१ च्या त्या अहवालात पडद्यावरचा ५९.७ टक्के वेळ बायकांचाच होता, कारण साफसफाई, खाणंपिणं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्या जाहिराती त्यांच्यावरच बेतलेल्या. त्याच बायका पगारी काम करताना मात्र पुरुषांपेक्षा कमी दिसल्या. तुमचं प्रदर्शन या तफावतीवर उभं करा.

टीव्हीसाठी रकाने असे ठेवा: वस्तू कसली, माणूस घरात की बाहेर, करतो काय (पगारी काम, घरकाम, नटणं, नुसतं उभं राहणं), सल्ला देतो की घेतो, आणि शेवटी ‘हे घ्या’ सांगणारा आवाज बाईचा की पुरुषाचा. हा शेवटचा रकाना अजिबात गाळू नका. अख्खी जाहिरात बाईची आणि शेवटचं वाक्य पुरुषाच्या आवाजात, हे डोकी मोजून कधीच सापडत नाही. वस्तूचा रकानाही हवाच, नाहीतर भांड्यांचा साबण आणि म्युच्युअल फंड यांची एकच सरासरी निघेल आणि तिला काही अर्थ राहणार नाही.

माणूस मोजायचा कधी हे आधीच ठरवा. चेहरा ओळखू येतो आणि तो बोलतो किंवा निदान ३ सेकंद दिसतो, तरच धरा. मागची गर्दी सोडून द्या. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिराती, म्हणजे ३० सेकंदांच्या २४. पण त्याच त्या पुन्हा लागतात. म्हणून दोन आकडे ठेवा: वेगळ्या जाहिराती किती आणि एकूण किती वेळा लागल्या. एकच जाहिरात नऊदा मोजली गेली तर सगळी टक्केवारी तिच्याकडे झुकते.

सावळा_पोत

रंगाबद्दल. माँक स्केल वापरा असं कोणीतरी सुचवेलच. समाजशास्त्रज्ञ एलिस माँक यांची ही त्वचेच्या १० छटांची पट्टी गूगलने २०२२ मध्ये खुली केली. पट्टी उत्तम आहे, पण होर्डिंगवर ती फसते. फ्लेक्स उन्हाने विटतो, रात्रीच्या दिव्यांत पिवळट दिसतो, आणि मोबाईल स्वतःच चेहरा उजळ करून टाकतो. तीच बाई सकाळी ३ नंबरची, रात्री ५ नंबरची.

त्यापेक्षा एकाच चित्रातल्या माणसांची आपसात तुलना करा. नवरा-बायको आहेत, तर उजळ कोण? मालकीण आणि कामवाली, डॉक्टर आणि पेशंट, नायिका आणि मैत्रीण, यांत उजळ कोण? छपाई नि उजेड दोघांना सारखाच असतो, त्यामुळे सहा जणींचं बऱ्यापैकी एकमत होतं. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवाच. वरच्या गीना डेव्हिस-युनिसेफ अहवालात उजळ किंवा मध्यम-उजळ रंगाच्या बायका ६६.९ टक्के आणि पुरुष ५२.१ टक्के आहेत. म्हणजे उजळपणाची अट बाईला जास्त कडक. जोड्यांच्या तुलनेतून ठाण्यातलं चित्र कळेल.

फ्लेक्स_मोजणी

होर्डिंगसाठी चेहऱ्याचं गुणोत्तर काढा. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतची उंची भागिले डोक्यापासून शरीराचा जो सर्वांत खालचा भाग दिसतो तिथपर्यंतची उंची. संशोधक डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे मोजलं, तेव्हा अमेरिकी नियतकालिकांतल्या फोटोंत पुरुषांचं सरासरी ०.६५ आणि बायकांचं ०.४५ आलं. पुरुष म्हणजे चेहरा, बाई म्हणजे अंग, हे एका आकड्यात दिसतं. फोटो मात्र खालून मान वर करून काढू नका. वरचा भाग आखडतो आणि गुणोत्तर चुकतं. सॅटिसवरून समोरचे फलक जवळपास सरळ मिळतात. घोडबंदरला फूटपाथवरून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन झूम करा.

वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर जाहिरातींत मिसळू नका. एका बॅनरवर तीस-तीस पुरुषांचे फोटो असतात, सगळी बेरीज बुडते. त्यांचा वेगळा तक्ता करा, तो फार बोलका होतो. वरच्या ओळीतल्या नेत्यांत बायका किती, खालच्या शुभेच्छुकांत किती? माजी नगरसेविकेचा फोटो असेल तर शेजारी पतीचा आहे का, आणि मोठा कोणाचा? राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा बायकांना आहेत. बॅनरवरचा आकडा या ५० शेजारी लावा.

नौपाडाकर

सर्वांचे मनापासून आभार! दोघी-दोघींनी तीच जाहिरात नोंदवायची का? ८५ टक्के जुळलं की पुरे ना?

रकानेवाली

दोघींनी, एकमेकींचं न बघता. पण ८५ वर थांबू नका ताई. समजा ५० जाहिराती आहेत, ‘बाई घरात की बाहेर’ यावर ४३ जुळल्या, म्हणजे ८६ टक्के. पण एकीने ४० ना आणि दुसरीने ४१ ना ‘घरात’ म्हटलंय. इतका कल एका बाजूला असला की डोळे मिटून भरलं तरी ६९ टक्के जुळतंच. म्हणून कोहेनचा ‘काप्पा’ (kappa) काढा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून उरलेलं खरं एकमत: (०.८६ − ०.६९) भागिले (१ − ०.६९), साधारण ०.५५. हे कमी आहे. ०.७ च्या पुढे येईपर्यंत व्याख्या घट्ट करा. गोंधळ बहुधा बाल्कनी, सोसायटीचं आवार आणि दुकानाचा गल्ला इथे होतो. ते ‘घर’ की ‘बाहेर’ हे तक्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा.

सावळा_पोत

मोजताना गोरेपणाच्या क्रीमची किंवा पार्लरची ‘आधी-नंतर’ जाहिरात सापडली तर बाजूला काढा. ॲस्कीच्या (ASCI, जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था) २०१४ च्या नियमांनुसार वापराआधीची बाई उदास किंवा अनाकर्षक दाखवता येत नाही, आणि रंगावरून नोकरी-लग्नात मागे पडल्याचं सुचवता येत नाही. ॲस्कीकडे तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत. फोटो, जागा, तारीख, जाहिरातदाराचं नाव आणि नेमकं खटकलेलं वाक्य द्या. ‘आक्षेपार्ह वाटलं’ एवढंच लिहिलं तर तक्रारीत दम राहत नाही. राजकीय बॅनर त्यांच्या कक्षेत येत नाहीत.